टेबलावर आठ जण

पैज मीच लावली, आन ती बी चहा पिता पिता.

सोमनाथच्या दारातल्या पायऱ्यांवर आम्ही चार जण पत्ते खेळत बसलो व्हतो. आमची गल्ली मुकुंदवाडी स्टेशनाच्या मागं. गाडी आली की पायऱ्या हलतात, बोलणारा मधीच थांबतो, गाडी गेली की तिथूनच पुढं बोलतो. त्या दिवशी वारं सुटलं व्हतं. खाली टाकलेल्या पत्त्यांवर आम्ही चपला ठेवल्या व्हत्या. कुणाला पत्ता बघायचा असला की चप्पल उचलायची, बघायचं, परत ठेवायची.

"बास झालं आता," सोमनाथ म्हणला. "चपलांखाली पोकर खेळणारी माणसं जगात फक्त आपणच असू. मी टेबल करून घेतो. खास पोकरचं. घरात, हॉलमध्ये."

सोमनाथ वाळूजच्या कंपनीतून नुकताच रिटायर झालेला. पोकर तो मोबाईलवर शिकला आन मग आमच्या मागं लागला. दोन पत्ते हातात, पाच मध्ये, आन चेहरा असा करायचा की जसं काय सासरवाडीला बसलोय. आमच्यात पैशाचं काम नाय, चिंचोके लावतो. धोंडिबा तर त्यातले बी खिशात घालतो. का घालतो, ते त्याला बी सांगता येत नाय.

पहिलं आम्ही आठ जण गिरणीच्या ओट्यावर बसायचो. तिथं आता गिरणीवाल्यानं शटर लावलं. पायऱ्यांवर चारच मावतात, म्हणून बाकीचे चार हळूहळू यायचे बंद झाले. याचा सगळ्यात जास्त त्रास सोमनाथला. बायको दिवसा शाळेत शिकवती, संध्याकाळी स्वयंपाकात, पोरगं पुण्यात, बोलायला घरात आई आन हा. आठ जणांचा गोंधळ नसला की त्याला संध्याकाळ खायला उठायची. तोंडानं बोलायचा नाय, पण टेबलाचं नाव काढलं तवा त्याचे डोळे बघितले म्हणून सांगतो.

मला मात्र अशी संधी दिसली की राहवत नाय.

"किती जणांचं टेबल?" मी इचारलं.

"आठ. सगळेच्या सगळे."

"तुझ्या हॉलमध्ये? आरं, सोफा आला तवा तुझा टीव्ही भिंतीवर चढला. टेबल आल्यावर तुला चढावं लागंल."

"सांडू, सगळं मोजून करणार मी. कंपनीत तीस वर्षं मापंच घेतली."

"मग लाव पैज. तुझ्या टेबलावर आठ जण बसून, मधी कुणी न उठता, एक डाव पुरा झाला, तर मी हरलो."

"आन हरल्यावर काय देशील?"

तिथं संघपाल बसला व्हता. हा पोस्टात आहे, पण डोकं पुढाऱ्याचं. तो म्हणला, "देणंघेणं नक्को. हरणाऱ्याचा चौकात सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, हार, मोठा फ्लेक्स. आन सत्कारमूर्तीनं माईकवर भाषण करायचं, 'मी कसा हरलो'. मंडप बी हरणाऱ्याचाच."

सगळे हसले, कारण मंडपाचा धंदा माझा. मी हरलो तर माझ्याच सत्काराला मीच बांबू रोवायचे.

आतून रूपावहिनींचा, म्हणजे सोमनाथच्या बायकोचा, आवाज आला. "माझी बी एक अट हाय. आठ जण नाय बसले तर टेबल त्याच दिवशी घराबाहेर. चार माणसांसाठी मी हॉल देणार नाय, आधीच सांगते."

सोमनाथनं माझ्याकडं बघितलं. मी हात पुढं केला. त्यानं जोरात टाळी दिली.

*

दुसऱ्या दिवसापासून सोमनाथचं सुरू. पहिला घोळ आकाराचा. पहिल्यांदा म्हणला, गोल करतो. गोल टेबलाला कोपरा नसतो, कुणी लहानमोठा नाय. मला बोलावलं, टेप माझ्या हातात दिला.

"माणशी दोन फूट काठ पाहिजे," तो म्हणला. "त्याच्यापेक्षा कमी झाला की कोपराला कोपर लागतं आन शेजाऱ्याचे पत्ते दिसतात. आठ माणसं म्हणजे सोळा फुटांचा घेर. म्हणजे टेबल सव्वापाच फूट रुंद."

खडूनं फरशीवर गोल काढला. भोवती खुर्च्यांची जागा सोडली. रूपावहिनी हातात कुकर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या.

"मी बाहेर कुठून येऊ? टेबलाखालून रांगत?"

गोल गेला. आन खरं सांगायचं तर गोलाच्या मधोमध पत्ता ठेवायला धोंडिबाचा हात पुरला नसता. त्याचं पोट आधी पोचतं, हात मागून येतो.

मग चौकोनी. चौकोनाला चार कोपरे, येता-जाता मांडीत घुसणार. मग अष्टकोनी काढला. प्रत्येकाला आपापली बाजू, आपापली हद्द. मी म्हणलं, "बेस्ट. सातबारा बी काढून दे प्रत्येकाला." त्यानं तो बी पुसला.

शेवटी लंबगोल. सात फूट लांब, साडेतीन फूट रुंद. घेर सोळाच्या थोडा वरच भरतो, मधला पत्ता सगळ्यांच्या हाताला येतो, दोन्हीकडून खुर्च्या मागं सरकायला जागा राहती आन वहिनींना कुकरसकट जाता येतं. दारातून आडवं करून आत बी येतं. मान्य करावं लागंल, गड्यानं हिशेब लई बारकाईनं केला व्हता. मला आतून धाकधूक व्हायला लागली. चौकातला फ्लेक्स डोळ्यासमोर यायला लागला.

सोमनाथनं पेपरची पानं डिंकानं चिकटवून त्याच मापाचा कागद केला आन हॉलमध्ये अंथरला. "रविवारी तालीम," म्हणला. "आठही जणांना बोलाव. खुर्च्या तुझ्या गोडाऊनमधून आण."

मी आणल्या. लाल प्लास्टिकच्या, हाताच्या, लग्नात मागच्या रांगेत असतात तशा. आठही जण आले. कागदाच्या भोवती बसले. कुणाचं कोपर कुणाला लागंना. फकिरा तर खुशीनं हात पसरून बसला. सोमनाथ एकेकामागून फिरून टेप लावून बघायला, जसं काय ड्रेस शिवायचेत.

"बघ सांडू! बघ, अंतर बघ!"

मी बघितलं. पण मी वर नाय, खाली बघितलं. संघपाल उजवा पाय वर घ्यायला गेला, गुडघा खुर्चीच्या हाताला आपटला, पाय परत खाली. फकिरानं डावा पाय उचलला, अडकला, खाली. धोंडिबानं तर दोन्ही पाय उचलायचा प्रयत्न केला आन खुर्ची कुईं करून ओरडली.

माझ्या डोक्यात बल्ब पेटला. आमच्या गल्लीतला माणूस खुर्चीवर बसतो ते पाहुण्यांसमोर. निवांत झाला की त्याचे पाय आपोआप वर येतात आन मांडी घातली जाती. बँकेत, दवाखान्यात, सलूनमध्ये, कुठं बी. मांडी घातली की गुडघे दोन्हीकडं पसरले. मग कसले दोन फूट? माणूस तीन फुटांचा झाला! सोमनाथनं कोपरं मोजली, गुडघे कुणी मोजले? आन ते का दिसले नाय, तर माझ्या खुर्च्यांना हात व्हते म्हणून.

"एक नंबर," मी म्हणलं. "दे ऑर्डर सुताराला."

*

टेबल हर्सूलच्या सुतारानं केलं. सागवानी चौकट, सहा पाय, वर हिरवं कापड, काठाला कातड्याची गुबगुबीत गादी. काठाच्या आत आठ गोल खोबण्या, ग्लास ठेवायला. आमच्यात सगळे बशीत ओतून पिणारे, बशी काय खोबणीत बसंना. म्हणून त्यात चिंचोके ठेवायचं ठरलं. टेबल टेम्पोतून उतरलं तवा अख्खी गल्ली बघायला. सारजामावशी, म्हणजे सोमनाथची आई, तिनं काठावरून हात फिरवला, बुक्की मारून बघितली आन म्हणली, "ह्याच्यापेक्षा बाज केली असती तर झोपायला तरी झाली असती."

सोमनाथनं सगळ्यांना निरोप दिला. उद्घाटन, रविवारी दुपारी. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"खुर्च्यांची काळजी करू नकोस. एवढ्या भारी टेबलाला प्लास्टिक शोभत नाय. माझ्याकडून भेट म्हणून नव्या खुर्च्या पाठवतो."

"सांडू," खांद्यावरचा माझा हात दाबत तो म्हणला, "तू पैज लावलीस तरी मनानं लई मोठा आहेस."

मी खाली बघितलं. हसू दाबायला दुसरी जागा नव्हती.

नव्या खुर्च्या म्हणजे व्हीआयपी पंगतीच्या. रुंद बैठक, मऊ स्पंज, पांढरं कव्हर, मागं सोनेरी रिबन. आन हात? हात नाय. रत्नमाला, माझी बायको, टेम्पोत चढवताना म्हणली, "तुम्ही कुणाला फुकट काय दिलं की मला भ्या वाटतं."

रविवारी आठही जण बसले. माझ्यासकट. किती दिवसांनी सगळे एका ठिकाणी आले व्हते, नुसता कालवा. सोमनाथनं इस्त्रीचा शर्ट घातलेला. वहिनींनी पोहे केले. सोमनाथनं पत्ते पिसले, दोन-दोन वाटले.

पहिला पाय फकिराचा वर आला. सवयीनं, काही विचार न करता. मग संघपालचा. मऊ गादी, रुंद बैठक, पंख्याचं वारं, पोटात पोहे. मी मोजायला लागलो. धोंडिबानं दोन्ही पाय वर घेतले आन त्याचा गुडघा फकिराच्या मांडीवर. फकिरानं खुर्ची मागं सरकवली. मागं सरकवली की त्याचा हात टेबलाला पुरंना. तो वाकला. वाकला की त्याचे पत्ते संघपालला दिसले.

"ए, झाक की!"

"आरं, तू बघतोस कामून?"

"गुडघा काढ आधी!"

"कुठं काढू? काढून वहिनींकडं देऊ का?"

सोमनाथ उभा राहिला. "पाय खाली घ्या, पाय खाली! सगळ्यांनी पाय खाली!"

सगळ्यांनी पाय खाली घेतले. जरा वेळानं मधल्या पत्त्यांत संघपालच्या जोडीचा राजा निघाला आन त्या आनंदात त्याचा पाय परत वर. त्याच्या पाठोपाठ सगळ्यांचे. खुर्च्या मागं मागं जात भिंतीला लागल्या. टेबल मध्ये एकटं, आन त्याच्यापासून लांब आठ माणसं भिंतीला टेकून मांडी घालून बसलेली, जसं काय कुणाच्या दहाव्याला आलेत. सुरेश तलाठी व्हता आमच्यात, तो तर मोरीच्या दारात पोचला. शेवटी तो उठलाच. "मला इथून पत्ते दिसत नाय. मी चाललो."

"उठला!" मी ओरडलो. "मधीच उठला! डाव मोडला! सोमनाथ, शाल कोणत्या रंगाची आणू?"

सोमनाथ हिरव्या कापडावरची सुरकुती हातानं सारखी करत बसला. वहिनी दारात आल्या, त्यांनी टेबलाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. ठरलेलं ते ठरलेलं. खरं सांगतो, मला जरासं कसंसं झालं. पण जिंकायची चव लागली की माणूस थांबत नाय.

"टेम्पो खालीच उभा हाय," मी म्हणलं. "हात लावा रं सगळे."

"थांबा."

सारजामावशी. आतल्या खोलीच्या दारात, कमरेवर हात.

"काय ठरलं व्हतं तुमचं? मी त्या दिवशी आत भाजी निवडत व्हते, सगळं ऐकलंय. काय म्हणला व्हतास रं सांडू?"

"हेच, मावशी. टेबलावर आठ जण बसून एक डाव."

"टेबलावर?"

"व्हय, टेबलावर."

"मग हे मेले खुर्च्यांवर कामून बसलेत?"

सगळ्यांनी आपापल्या खुर्चीकडं बघितलं.

"मावशी," मी म्हणलं, "टेबलावर म्हणजे टेबलाभोवती! बोलायची पद्धत असती."

"मला बोलायची पद्धत शिकवतोस? तुझ्या बायकोनं गॅसवर चहा ठेवा म्हणलं तर तू गॅसभोवती ठेवतोस का?"

धोंडिबाच्या तोंडातले पोहे बाहेर आले. संघपालनं टाळी वाजवली. "अर्ध्या इंचाची बी पळवाट नाय, सांडू! शब्द म्हणजे शब्द!"

सोमनाथनं मान वर केली. पहिल्यांदा त्याला कळलंच नाय. मग त्यानं टेबलाच्या सहा पायांकडं बघितलं, त्या सागवानाकडं बघितलं, आन चप्पल काढली.

"चढा," म्हणला.

फकिरा चढला. संघपाल चढला. काठावर बसायचं, एक पाय वर, एक पाय खाली सोडलेला, बाजंवर बसतात तसं. मधली जागा पत्त्यांना मोकळी. गुडघा आत आला, दुसरा बाहेर गेला, कुणाचं कुणाला लागंना. सुरेश तलाठी मोरीच्या दारातून परत आला. धोंडिबा चढला तवा सगळ्यांनी श्वास धरला, पण टेबल हललं बी नाय. सात जण वर, हिरव्या कापडावर, जसं काय तळ्यातली बेडकं.

"सात!" मी खाली उभा राहून म्हणलं. "मी काय चढत नाय. माझे गुडघे दुखतात. आठवा कुठून आणता?"

माझ्या हुशारीवर मीच खूश. सोमनाथचा चेहरा पडायला लागला तेवढ्यात मावशीनं पदर खोचला.

"सरका रं जरा."

"आई, तुला पोकर येतंय का?"

"चढून तर बसू दे. बसल्यावर येतंय."

संघपालनं हात दिला आन मावशी चढली. चांगली मांडी ठोकून बसली. आठ!

मी शेवटचं अस्त्र काढलं. खिडकीतून बाहेर बघून ओरडलो, "संघपाल! गाडी उचलायले! टोइंगवाले आलेत!"

कुणी मान बी हलवली नाय. संघपाल पत्ते बघत म्हणला, "मागच्या महिन्यात असंच खोटं ओरडून तूच माझ्या घराला आग लावली व्हतीस, सांडू. बस गप."

मग मी धोंडिबाच्या पायाला खालून गुदगुल्या केल्या. त्यानं लाथ मारली, माझा चष्मा सोफ्याखाली.

डाव चालू झाला. मावशीला सोमनाथ कानात सांगायला गेला तर ती म्हणली, "सारखे सारखे जमवायचे ना? मग झालं. आयुष्यभर डाळी निवडल्या मी." मधले पाच पत्ते उघडत गेले. संघपाल सासरवाडीचा चेहरा करून चिंचोके पुढं सरकवायला, फकिरा बी. मावशीनं आपल्या खोबणीतले सगळे चिंचोके एकदम मधी ओतले, जसं काय फोडणीत.

"आई, सगळे नको!"

"ठेवून काय चिंच उगवायची हाय का?"

शेवटी पत्ते उघडले. मावशीच्या हातात राणी आन नव्वी, खाली दोन राण्या आन अजून एक नव्वी. सोमनाथ ओरडला, "तीन राण्या, दोन नव्व्या, फुल हाऊस! आईचं फुल हाऊस!"

मावशीनं हॉलभर नजर फिरवली. "मग? घर तर भरलेलं दिसतंयच की."

डाव पुरा. कुणी उठलं नाय. रूपावहिनी दारात तोंडावर पदर धरून हसायल्या, मग स्वयंपाकघरात गेल्या आन आतून म्हणल्या, "टेबल ऱ्हाऊ द्या. पण वरचं कापड धुवायला कुणाच्या घरी जाणार, ते ठरवा."

*

सत्काराचा दिवस सोमनाथनं निवडला. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, आन किती वाजता येईल ते नळाला बी माहीत नसतं. त्या दिवशी अख्खी गल्ली बादल्या, हंडे, पाईप घेऊन दारात. त्यानं तोच दिवस धरला. प्रेक्षक जमवायची गरजच नाय.

मी पहाटेच उठून माझ्याच हातानं मंडप घातला. रत्नमाला झालर लावायला मदतीला आली. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या कामाला एवढ्या आनंदानं आली असंल. फ्लेक्स संघपालनं छापून आणला. माझा गॉगल घातलेला फोटो, कानाला मोबाईल, मागं वाघ, आन खाली मोठ्या अक्षरात: 'सांडूभाऊ यांची हार झाल्याबद्दल हार्दिक हार!' कोपऱ्यात लहान अक्षरात 'शुभेच्छुक: टेबलावरचे आठ'. मोठ्या रस्त्यावरून जाणारा एक रिक्षावाला थांबला, फ्लेक्स वाचला, गोंधळला आन मला म्हणला, "भाऊ, बड्डे है क्या तुम्हारा?" मी म्हणलं, "नक्को पूछो मियां, हारे हम."

मी स्टेजवर बसलो. नवरदेवाच्या खुर्चीवर. शाल अंगावर, उन्हात. सोमनाथनं हार घातला, मग फकिरानं, मग धोंडिबानं. धोंडिबानं नारळ द्यायच्या आधी कानाशी हलवून बघितला, पाणी हाय का ते. लोक मोबाईल काढून शूटिंग करायले. लहान पोरं पुढं बसलेली, म्हाताऱ्या मागं हंड्यांवर बसलेल्या. सारजामावशी पाहुण्यांच्या रांगेत, तिला बी एक हार घातलेला.

संघपालनं माईक माझ्या हातात दिला. "सत्कारमूर्तींना विनंती, आपल्या पराभवावर दोन शब्द बोलावेत."

मी उभा राहिलो. गळ्यात एवढे हार की हनुवटी वर करून बोलावं लागलं. खरं सांगू का, लाज वाटली नाय. असली गर्दी माझ्या लग्नात बी नव्हती.

"बंधू आन भगिनींनो," मी म्हणलं, "आज या चौकात माझ्या गळ्यात जे हाय त्याला आपण हार म्हणतो. आन माझ्या नशिबात जे आलं त्याला बी—"

"आलं! पाणी आलं!"

कुणीतरी गल्लीच्या टोकाकडून ओरडलं. एका झटक्यात चौक रिकामा. हंडे खणखणले, पाईप पसरले, पोरं पळाली, रत्नमाला शालीचं टोक ओढून, "धरा, धरा, मोटार लावा," म्हणत माझ्या बाजूनं गेली. संघपाल स्टेजवरून उडी मारून गेला. मावशी बी गेली, गळ्यातला हार सांभाळत. स्टेजवर मी, नारळ आन माईक. गल्लीत सगळीकडं मोटारींचा घरघराट सुरू झाला.

मी माईक बंद करायला लागलो.

"बंद करू नकोस!" सोमनाथ त्याच्या गच्चीवर, टाकीत पाईप धरून. "भाषण पुरं झालं नाय! ठरलंय तसं बोल!"

"ऐकायला कोण हाय?"

"आम्ही वरून ऐकायलोय! मोठ्यानं बोल, मोटार चालू हाय!"

बघितलं तर सगळ्या गच्च्यांवर एकेक जण पाईप धरून उभा. मी आवाज वाढवला, नारळ काखेत धरला.

"मी, सांडू मंडपवाला, सोमनाथच्या टेबलावर हरलो!"

"ऐकू नाय आलं," धोंडिबा त्याच्या गच्चीवरून. "परत!"

"हरलो!"

"इकडच्या गच्चीला बी सांग!" फकिरा.

मी तिकडं तोंड केलं.